जर्मनीतली लोकशाही कशी संपली : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या पुस्तकात हिटलरचा उदय दोन परिच्छेदांत उरकलेला असतो. पहिलं महायुद्ध, व्हर्सायचा तह, महागाई, आणि मग थेट दुसरं महायुद्ध. मधली वर्षं कुठे गेली, हे कोणी सांगत नाही. इतिहास शिकवताना मला सर्वांत जास्त प्रश्न त्या मधल्या वर्षांबद्दलच येतात. पुन्हापुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात सांगितली की चुकतात.

हिटलर निवडणूक जिंकून सत्तेवर आला, हे खरं ना?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो, म्हणून आधी आकडे बघू. मे १९२८ मध्ये नाझी पक्षाला २.६ टक्के मतं आणि १२ जागा मिळाल्या. सप्टेंबर १९३० मध्ये १८.३ टक्के, १०७ जागा. जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्के, २३० जागा. खुल्या निवडणुकीत त्यांनी गाठलेला हा सर्वोच्च आकडा. तेव्हा सभागृहात ६०८ सदस्य होते, म्हणजे बहुमत बरंच दूर होतं. त्याआधी मार्च-एप्रिलमध्ये झालेल्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हिटलर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांच्याकडून हरला होता.

नोव्हेंबर १९३२ मध्ये पुन्हा निवडणूक झाली आणि नाझींची सुमारे २० लाख मतं घटली. जागा १९६ वर आल्या. पक्षाची तिजोरी रिकामी झाली होती, कार्यकर्ते कंटाळले होते. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत हिटलर चॅन्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख झाला. लाट ओसरू लागलेली असताना त्याला खुर्ची मिळाली, आणि ती मतपेटीतून मिळाली नाही. चॅन्सेलर नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाचा होता आणि राष्ट्राध्यक्षाने त्याला नेमलं. असं का झालं, हे पुढे येईलच.

मतदारांना मात्र यातून पूर्ण मोकळं करता येणार नाही. दर तीन मतदारांमागे एकाने त्या पक्षाला मत दिलं. रस्त्यावर माणसं मारली जाताना दिसत होती, ज्यूंबद्दल काय बोललं जातंय ते ऐकू येत होतं, तरीही दिलं.

वायमार प्रजासत्ताक म्हणजे नेमकं काय?

१९१८ ते १९३३ या काळातल्या जर्मनीला नंतर पडलेलं नाव. ९ नोव्हेंबर १९१८ ला कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची सत्ता गेली. बर्लिनमध्ये गोळीबार चालू होता, म्हणून घटना समिती वायमार या शांत गावात भरली. ऑगस्ट १९१९ मध्ये राज्यघटना अमलात आली. स्त्रियांना मताधिकार, मतांच्या प्रमाणात जागा, भाषण आणि संघटनेचं स्वातंत्र्य, सगळं तिच्यात होतं. त्या काळातल्या सर्वांत पुढारलेल्या घटनांपैकी ती एक.

व्हर्सायचा तह आणि महागाई हीच खरी कारणं नाहीत का?

माझ्याजवळ एक जुनी जर्मन नोट आहे. १५ डिसेंबर १९२२ ही तारीख छापलेली, किंमत एक हजार मार्क. तिच्यावर लाल शाईत आडवा शिक्का मारलाय : एक अब्ज मार्क. पुढच्या वर्षी नवी नोट छापायलाही उसंत उरली नाही, म्हणून छापून ठेवलेल्या जुन्या नोटांवरच नवी किंमत उमटवून त्या बाजारात सोडल्या. नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क पडत होते. आयुष्यभराच्या पुंजीत पावाची लादीसुद्धा येईना. पेन्शनर, विधवा, नोकरदार असा जपून पैसा साठवणारा वर्ग त्यात धुऊन निघाला आणि प्रजासत्ताकावरचा त्यांचा विश्वास परत बसला नाही.

पण तारखा लावून बघा. महागाई १९२३ ची. तिच्यानंतर पाच वर्षांनी, १९२८ मध्ये, नाझींना २.६ टक्के मतं होती. मधल्या वर्षांत नवं चलन आलं, कर्ज मिळालं, कारखाने चालू झाले. व्हर्सायचा तह तर १९१९ चा. नुसता तह किंवा नुसती महागाई पुरेशी असती, तर प्रजासत्ताक तेव्हाच पडलं असतं.

दुसरा घाव १९२९ च्या मंदीने घातला. अमेरिकन बँकांनी कर्ज परत मागितलं. १९३२ च्या सुरुवातीला नोंदणीकृत बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. इथे एक समज दुरुस्त करायला हवा : बेकार कामगार झुंडीने हिटलरकडे गेले, असं झालं नाही. ते जास्त करून कम्युनिस्टांकडे वळले. नाझींची भक्कम मतं प्रोटेस्टंट खेड्यांतून, छोट्या शहरांतून, दुकानदार, शेतकरी आणि कारागिरांकडून आली. ज्यांचं अजून सगळं गेलं नव्हतं आणि जाईल या धास्तीने ज्यांची झोप उडाली होती, अशी ही माणसं.

कलम ४८ बद्दल खूप ऐकलंय. ते काय होतं?

सार्वजनिक सुरक्षितता धोक्यात आली तर राष्ट्राध्यक्षाने वटहुकूम काढावा, गरज पडली तर मूलभूत हक्क तात्पुरते स्थगित करावेत, अशी ही तरतूद. संसदेने, म्हणजे राइशटागने, मागणी केली की तो वटहुकूम मागे घ्यावा लागे. कागदावर लगाम होता. पण कलम २५ प्रमाणे राष्ट्राध्यक्ष राइशटाग बरखास्त करू शकत होता. लगाम ज्याच्या हातात, त्यालाच घरी पाठवायची सोय.

पहिले राष्ट्राध्यक्ष एबर्ट यांनीही हे कलम अनेकदा वापरलं, पण बंडं मोडायला आणि १९२३ च्या संकटात प्रजासत्ताक वाचवायला. १९३० मध्ये त्याचा उपयोगच पालटला. त्या मार्चमध्ये हर्मान म्युलर यांचं आघाडी सरकार पडलं. कशावरून? बेकारी विम्याचा हप्ता साडेतीन टक्क्यांवरून चार करायचा की नाही, यावरून. वायमार जर्मनीतलं संसदीय बहुमतावर उभं असलेलं ते शेवटचं सरकार. अर्ध्या टक्क्याच्या वादात ते गेलं. हे शिकवताना दर वेळी माझा जीव तुटतो, कारण आघाडीतल्या प्रत्येक पक्षाला वाटत होतं की आपण तत्त्वाला जागलो.

त्यानंतर आलेले चॅन्सेलर ब्र्युनिंग यांच्यामागे बहुमत नव्हतं. जुलै १९३० मध्ये राइशटागने त्यांचा अर्थविषयक वटहुकूम फेटाळला. हिंडेनबर्गने राइशटाग बरखास्त केली आणि तोच वटहुकूम जरा बदलून पुन्हा काढला. सप्टेंबरच्या निवडणुकीत नाझी १२ वरून १०७ वर गेले. पुढे हीच रीत पडली. १९३१ मध्ये संसदेने ३४ कायदे केले आणि वटहुकूम निघाले ४४. १९३२ मध्ये संसदेचे कायदे फक्त पाच, आणि सबंध वर्षात सभागृह भरलं १३ दिवस.

हिटलर येण्याआधीच तीन वर्षं संसद बाजूला पडली होती, हे लक्षात घेतल्याशिवाय १९३३ चं काहीही नीट समजत नाही. लोकांना वटहुकमांची सवय झाली होती.

बाकीचे पक्ष एकत्र का आले नाहीत?

कम्युनिस्ट आणि सोशल डेमोक्रॅट (लोकशाही मानणारे समाजवादी) यांच्यात १९१९ पासून रक्त सांडलेलं होतं. रोझा लक्झेंबुर्ग आणि कार्ल लिबक्नेख्त या कम्युनिस्ट नेत्यांचे खून झाले तेव्हा सत्तेवर सोशल डेमोक्रॅट होते, हे कम्युनिस्ट विसरले नाहीत. मॉस्कोहून आलेली भूमिका अशी की सोशल डेमोक्रॅट हे ‘सामाजिक फॅसिस्ट’, म्हणजे नाझींपेक्षाही आधी हाणून पाडायचा शत्रू. नोव्हेंबर १९३२ मध्ये बर्लिनच्या वाहतूक संपात कम्युनिस्ट आणि नाझी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. जुलै १९३२ च्या सभागृहात या दोन पक्षांच्या मिळून ३१९ जागा झाल्या. लोकशाही नको म्हणणाऱ्यांचं बहुमत. ते मिळून सरकार बनवू शकत नव्हते, पण दुसऱ्या कोणाला बनवूही देत नव्हते.

उजवीकडे ह्युगेनबर्गचा राष्ट्रवादी पक्ष होता. हा गृहस्थ वृत्तपत्रं, वृत्तसंस्था आणि उफा या चित्रपट कंपनीचा मालक. त्याने हिटलरला आपल्या व्यासपीठावर बसवलं आणि प्रतिष्ठा मिळवून दिली.

प्रशियातल्या ‘तख्तपालटा’ला एवढं महत्त्व का देतात?

कारण पोलीस. जर्मनीची तीन-पंचमांश लोकसंख्या एकट्या प्रशिया राज्यात होती आणि तिथे सोशल डेमोक्रॅट ओटो ब्राउन यांचं सरकार होतं. जुलै १९३२ मध्ये चॅन्सेलर फ्रान्झ फोन पापेन यांनी हांबुर्गजवळच्या आल्टोनातल्या दंगलीचं निमित्त केलं. १७ जुलैच्या त्या रविवारी तिथे १८ माणसं मेली होती. २० जुलैला त्यांनी कलम ४८ चा वटहुकूम पुढे करून प्रशियाचं सरकार हटवलं आणि स्वतःच आयुक्त झाले. बर्लिनच्या पोलीसप्रमुखांना लष्कराने अटक केली.

सोशल डेमोक्रॅट रस्त्यावर उतरले नाहीत, कोर्टात गेले. १९२० मध्ये उजव्या गटाच्या काप याने सरकार उलथायला केलेलं बंड सार्वत्रिक संपाने मोडलं होतं. पण ६० लाख माणसं कामाच्या रांगेत उभी असताना संप कोण करणार? त्यांची अडचण मला कळते. तरीही मला वाटतं की खरी खिंड त्या दिवशी पडली. सहा महिन्यांनी हिटलरच्या मंत्रिमंडळात नाझी नेता गोअरिंग याला प्रशियाचं गृहखातं मिळालं, तेव्हा त्या राज्याचे पोलीस त्याच्या हाती आयतेच आले. फेब्रुवारी १९३३ मध्ये त्याने सुमारे ५० हजार ‘सहायक पोलीस’ भरती केले. त्यातले बहुतेक नाझींच्या तपकिरी शर्टवाल्या टोळ्यांतले. काल रस्त्यावर मारामारी करणाराच आज दंडावर पट्टी बांधून अटक करायला येऊ लागला.

मग हिटलरला चॅन्सेलर केलं तरी कोणी?

चार-पाच माणसांनी. पापेन यांच्याविरुद्ध सप्टेंबर १९३२ मध्ये राइशटागने ५१२ विरुद्ध ४२ असा अविश्वास ठराव मंजूर केला होता. डिसेंबरात त्यांची जागा जनरल श्लायखर यांनी घेतली. पापेन यांना त्याचं उट्टं काढायचं होतं. ४ जानेवारी १९३३ ला कोलोनमध्ये श्र्योडर नावाच्या बँकरच्या घरी पापेन आणि हिटलर भेटले. २२ जानेवारीला बर्लिनमध्ये नाझी पक्षातल्या रिबेनट्रॉपच्या घरी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा ऑस्कर आणि त्यांचे सचिव माइस्नर हेही हिटलरला भेटले. हिंडेनबर्ग तेव्हा ८५ वर्षांचे. ऑस्ट्रियात जन्मलेल्या हिटलरला चॅन्सेलर करायला ते मनापासून तयार नव्हते. पण मुलगा, सचिव आणि लाडके पापेन तेच सांगू लागले, तेव्हा ते वाकले.

हिशेब असा होता : मंत्रिमंडळात नाझी तीनच, हिटलर, फ्रिक आणि गोअरिंग. बाकी सगळे जुने पुराणमतवादी. व्हाइस चॅन्सेलर पापेन, अर्थव्यवहार खातं ह्युगेनबर्गकडे. हिटलरची गर्दी आपण वापरू, कारभार आपल्या हातात राहील. ३० जानेवारीच्या सकाळी शपथविधीला उशीर होत होता, कारण ह्युगेनबर्ग नव्या निवडणुकीला हरकत घेत होता. राष्ट्राध्यक्ष ताटकळलेत असं सांगितल्यावर तो गप्प बसला आणि सगळे आत गेले. जूनअखेर ह्युगेनबर्ग मंत्रिमंडळाबाहेर होता आणि त्याचा पक्ष विसर्जित झाला होता.

राइशटागची इमारत नाझींनीच पेटवली का?

२७ फेब्रुवारीच्या रात्री मारिनुस फान डेर लुब्बे हा डच तरुण जळत्या इमारतीत सापडला. बहुतेक इतिहासकार त्याने एकट्याने आग लावली असं मानतात, काहींचा नाझींवरचा संशय अजून गेलेला नाही. माझ्या मते आगीपेक्षा दुसऱ्या दिवशीचा कागद महत्त्वाचा. २८ फेब्रुवारीच्या वटहुकमाने व्यक्तिस्वातंत्र्य, भाषण, सभा, संघटना, टपालाची गुप्तता आणि घराची सुरक्षितता हे सगळे हक्क एका फटक्यात स्थगित झाले. आधार तोच, कलम ४८. ‘पुढील सूचनेपर्यंत’ काढलेला हा वटहुकूम १९४५ पर्यंत उठला नाही. हजारो कम्युनिस्ट पकडले गेले. आरोपपत्र नाही, वकील नाही, मुदत नाही. त्याच दहशतीत ५ मार्चची निवडणूक झाली, आणि तिच्यातही नाझींना ४३.९ टक्क्यांवर थांबावं लागलं.

२३ मार्च १९३३ ला काय घडलं?

राइशटागची इमारत जळालेली, म्हणून सभागृह समोरच्या क्रोल ऑपेरा हाउसमध्ये भरलं. व्यासपीठामागे भलामोठा स्वस्तिकाचा झेंडा. बाहेर तपकिरी शर्टवाल्यांचा जमाव कायदा पास करा म्हणून ओरडत होता, आत त्यांचेच लोक भिंतींना लागून उभे होते. आत जायचं तर त्यांच्या रांगांमधून, शिव्या ऐकत जावं लागत होतं.

समोर आलेला कायदा जेमतेम पाच कलमांचा. पहिलं म्हणतं, कायदे सरकारही करू शकेल. दुसरं, ते कायदे राज्यघटनेला सोडून असले तरी चालतील. तिसऱ्याने कायद्यावर राष्ट्राध्यक्षाऐवजी चॅन्सेलरची सही पुरेशी ठरवली. चौथं परराष्ट्र करारांबद्दल. पाचव्यात मुदत : १ एप्रिल १९३७.

यासाठी दोन-तृतीयांश सदस्य हजर असायला हवे होते आणि हजर असलेल्यांपैकी दोन-तृतीयांशांची मतं हवी होती. कम्युनिस्टांच्या ८१ जागा रिकाम्या, कारण ते तुरुंगात, भूमिगत किंवा परागंदा. सोशल डेमोक्रॅट १२०. त्यांनी आणि आणखी थोड्या जणांनी बहिष्कार घातला असता तर गणसंख्याच भरली नसती. म्हणून सभापती गोअरिंगने आधी कामकाजाचा नियम बदलून घेतला : परवानगीशिवाय गैरहजर राहणारा हजरच धरला जाईल.

निर्णय कॅथलिकांच्या सेंटर पक्षाच्या हातात होता. त्यांचे नेते लुडविग कास हे धर्मगुरू. हिटलरने त्यांना लेखी आश्वासन द्यायचं कबूल केलं होतं. ते पत्र मतदानापर्यंत आलं नाही, नंतरही आलं नाही. तरी पक्षाने बाजूने मत दिलं. ब्र्युनिंग यांनी पक्षाच्या बैठकीत विरोध केला आणि सभागृहात पक्षाबरोबर हात वर केला. उदारमतवादी थिओडोर हॉयस यांनीही होकार दिला. हेच पुढे १९४९ मध्ये पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

विरोधात बोलायला एकच माणूस उठला, सोशल डेमोक्रॅट ओटो वेल्स. ‘स्वातंत्र्य आणि प्राण तुम्ही आमच्याकडून हिरावून घेऊ शकता, आमची अब्रू नाही,’ असं त्याने हिटलरच्या तोंडावर सांगितलं. बाजूने ४४४, विरोधात ९४. हे ९४ जण रात्री घरी जाताना आपण पोचू की नाही या धाकात होते. आदल्याच दिवशी म्युनिकजवळ दाखाउ इथे पहिली मोठी छळछावणी सुरू झाली होती.

न्यायालयं काय करत होती?

बहुतेक न्यायाधीश कैसरच्या काळातले, प्रजासत्ताकाबद्दल अढी असलेले. एमिल गुंबेल या गणितज्ञाने १९१९ ते १९२२ मधल्या राजकीय खुनांची मोजदाद केली. उजव्यांनी केलेले ३५४, डाव्यांनी केलेले २२. डाव्यांना फाशी आणि लांब शिक्षा, उजव्यांचे बहुतेक खून बिनशिक्षेचे. १९२३ मध्ये म्युनिकात हिटलरने केलेल्या बंडात चार पोलीस मेले. त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली आणि निकालानंतर नऊ महिन्यांत तो सुटला. तेव्हा तो जर्मन नागरिकही नव्हता, हद्दपार करता आलं असतं. कोर्टाने नकार दिला, कारण तो मनाने जर्मन आहे.

राइशटाग आगीच्या खटल्यात लाइपझिगच्या सर्वोच्च न्यायालयाने चार कम्युनिस्ट आरोपींना निर्दोष सोडलं, हेही सांगितलं पाहिजे. फान डेर लुब्बेला मात्र गुन्ह्यानंतर केलेल्या कायद्याने मृत्युदंड झाला. पुढच्याच वर्षी हिटलरने राजद्रोहासाठी वेगळं ‘लोकन्यायालय’ उभं केलं.

लोकशाही नक्की कोणत्या दिवशी संपली?

एक तारीख सांगता येत नाही, आणि हेच त्यातलं भयंकर आहे. ७ एप्रिल १९३३ ला ज्यू आणि विरोधी विचारांचे सरकारी नोकर काढायचा कायदा. १ मे ला कामगार दिनाची भरपगारी सुट्टी, दुसऱ्या दिवशी सकाळी कामगार संघटनांच्या कचेऱ्यांवर धाड. २२ जूनला सोशल डेमोक्रॅट पक्षावर बंदी. सेंटर पक्षाने ५ जुलैला स्वतःच गाशा गुंडाळला. १४ जुलैच्या कायद्याने देशात एकच पक्ष उरला. ३० जून १९३४ ला हिटलरने स्वतःच्याच तपकिरी शर्टवाल्यांचा प्रमुख र्‍योम याला आणि कित्येक विरोधकांना ठार करवलं. श्लायखर आणि त्यांच्या पत्नीला घरात शिरून गोळ्या घातल्या. तीन दिवसांनी मंत्रिमंडळाने एका वाक्याचा कायदा करून हे खून कायदेशीर ठरवले. २ ऑगस्टला हिंडेनबर्ग वारले, राष्ट्राध्यक्ष आणि चॅन्सेलर ही दोन्ही पदं हिटलरकडे गेली आणि सैनिकांनी देशाऐवजी त्याच्या नावाने शपथ घेतली.

त्या काळात बर्लिनमध्ये कोणी मराठी माणूस होता का?

इरावती कर्वे होत्या. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या मानववंशशास्त्रातल्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. मार्गदर्शक ऑइगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनांचा मोठा पुरस्कर्ता. माणसाच्या कवटीतल्या असमानतेचा वंशाशी संबंध जोडता येतो का, हा अभ्यासाचा विषय. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही, असं लिहून दिलं. पंचविशीच्या आतबाहेरची परदेशी विद्यार्थिनी आणि समोर तो प्राध्यापक. १९३० मध्ये त्या परतल्या. १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचा प्रमुख झाला.

भारताच्या राज्यघटनेशी याचा काही संबंध आहे का?

आहे. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीत आणीबाणीच्या तरतुदींवर चर्चा चालू असताना हरी विष्णू कामथ यांनी वायमारच्या कलम ४८ चा दाखला देऊन कडाडून विरोध केला. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी बजावलं की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेईल, राजकारणातली भक्ती मात्र अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. १९७५ ची आणीबाणी भोगल्यावर ४४ व्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण काढून ‘सशस्त्र बंड’ असा शब्द घातला. जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, हेही तेव्हाच आलं.

आजच्या जर्मनीने काय बदललं?

१९४९ च्या घटनेत राष्ट्राध्यक्ष जवळपास शोभेपुरता केला. चॅन्सेलरला हटवायचं तर संसदेने त्याच ठरावात नवा चॅन्सेलर निवडायला हवा. नुसतं पाडता येत नाही. १९८२ मध्ये श्मिट यांच्या जागी कोल आले ते असेच. मानवी प्रतिष्ठा आणि लोकशाहीचा गाभा बदलणारी घटनादुरुस्ती कितीही बहुमत असलं तरी करता येत नाही.

वायमारची राज्यघटना नाझींनी रद्द केव्हा केली?

कधीच नाही. १९४५ पर्यंत ती कागदावर तशीच होती. २३ मार्चच्या कायद्याची मुदतही दर वेळी रीतसर वाढवली गेली. १९४९ ची घटना लिहिताना वायमारमधली धर्मस्वातंत्र्य आणि चर्चविषयीची पाच कलमं कलम १४० च्या आधारे जशीच्या तशी उचलली. ती आजही तिथे लागू आहेत.